पाटी लावून बाजार भरत नाही

(‘ज्ञानाधारित अर्थव्यवस्था, शहरं आणि आपली जमीन’ या विषयावर शहापूर तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात नोव्हेंबर २०११ मध्ये झालेलं भाषण. टेपवरून उतरवून, थोडं आवरून देत आहोत. ज्या पाड्यावर एकच अंक पोचतो तिथे तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.)



भातकापणी उरकली, काहींची झोडणी अजून बाकी आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून निम्मे पाडे वीटभट्टीवर निघतील. तरी तुम्ही दोन दिवस काढून आलात. सकाळी दाव्यांचं काम झालं. आता मला जो विषय दिलाय तो फळ्यावर लिहिला तेव्हा काही जण हसले. मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘हे आमच्या काय कामाचं? शहराचं शहरवाले बघतील.’

आजी, हा विषय आपण शोधायला गेलो नाही. तो आपल्या दारात आलाय. दसऱ्यापासून हायवेलगतच्या पाड्यांवर एक पांढरी गाडी फिरतेय. गाडीतली माणसं रंगीत पुस्तिका वाटतात. पुस्तिकेवर काचेच्या इमारती, हिरवळ, लॅपटॉप घेतलेली पोरं-पोरी, आणि वर मोठ्या अक्षरात ‘नॉलेज सिटी’. म्हणजे ज्ञाननगरी. आणि पुस्तिकेच्या आत एक कागद, संमतीपत्र. त्यावर सही किंवा अंगठा मागतात, वर इसार म्हणून थोडे पैसे हातावर ठेवतात. तलाठ्याकडे विचारलं, तहसीलला विचारलं. सरकारची कुठलीही अधिसूचना नाही. तरी कागद फिरतोय.

(सभेतून आवाज : आमच्या पाड्यावर पाच जणांनी अंगठे दिलेत.)

माहीत आहे. त्या पाच जणांना इथे कुणी नावं ठेवायची नाहीत. एकाची मुलगी दवाखान्यात होती, एकाला भट्टीवाल्याची उचल फेडायची होती. इसार घेतला म्हणून जमीन गेली असं होत नाही, ते कायद्याने कसं हे शेवटी सांगतो. आधी ही ‘नॉलेज सिटी’ म्हणजे काय चीज आहे ते समजून घेऊ. समजल्याशिवाय ‘नाही’ म्हटलं तर ते लोक म्हणतात, आदिवासी अडाणी आहे, विकासाच्या आड येतो.

ज्ञानाची अर्थव्यवस्था म्हणजे काय

सोपं उदाहरण घेऊ. दुकानातून भाताच्या हायब्रीड बियाण्याची पिशवी आणता. त्यातला दाणा आपल्या कणगीतल्या दाण्याएवढाच असतो. मग किंमत कित्येक पट का? कारण तुम्ही दाण्याचे पैसे देत नाही. तो दाणा कसा तयार करायचा हे ज्याला माहीत आहे, त्याच्या माहितीचे पैसे देता. आणि पुढच्या वर्षी पुन्हा देता, कारण त्या पिकाचा दाणा राखून पेरला तर तसं पीक येत नाही.

औषधाची गोळी, मोबाईल, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, सगळ्याचं असंच. माल थोडा, माहितीची किंमत मोठी. अशा वस्तूंवर आणि सेवांवर ज्या देशाची कमाई वाढते त्याला ज्ञानाधारित अर्थव्यवस्था म्हणतात. सरकारने २००५ साली राष्ट्रीय ज्ञान आयोगसुद्धा नेमला होता. तेव्हा ही हवेतली गोष्ट नाही. खरी आहे, आणि वाढणार आहे. यंदाच्या जनगणनेत महाराष्ट्रातली शंभरातली पंचेचाळीस माणसं शहरात राहतात असं निघालं. हा आकडाही वाढणार.

मग ही कमाई शहरातच का होते?

प्रश्न खरा आहे. कॉम्प्युटरला काय, वीज आणि तार मिळाली की तो आपल्या पाड्यावरही चालेल. मग कंपन्या एवढं भाडं भरून मुंबई-पुण्यातच का बसतात?

याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आठवडी बाजाराला तुम्ही का जाता? मीठ-मिरची गावातल्या दुकानातही मिळते. पण बाजारात दहा पाड्यांची माणसं भेटतात. कुणाची वरई यंदा बरी आली, कुठल्या मुकादमाने पैसे बुडवले, मुलीसाठी स्थळ कुठे आहे, फॉरेस्टचा नवा साहेब कसा आहे, हे सगळं बाजारात कळतं. त्याचे पैसे पडत नाहीत. माणूस भेटला की कळतं, नाही भेटला की राहतं.

शहर म्हणजे रोज भरणारा आठवडी बाजार. तिथे इंजिनियरला इंजिनियर भेटतो, डॉक्टरला केमिस्ट भेटतो, धंद्याची कल्पना असलेल्याला पैसेवाला भेटतो. एका कंपनीतला पोरगा दुसरीत जातो तेव्हा शिकलेलं डोक्यात घेऊन जातो. चहाच्या टपरीवर जे कळतं ते पुस्तकात यायला पाच वर्षं लागतात. ज्ञानाच्या धंद्यात शहराचं काम हे आहे, वेगवेगळं जाणणाऱ्या माणसांची गाठ घालून देणं. इमारत काचेची आहे की कौलारू, याला महत्त्व नाही.

आता पुढचा प्रश्न. असा बाजार कुणी पाटी लावून भरवू शकतो का? उद्या मी माळावर फळी ठोकली, ‘येथे आठवडी बाजार भरेल’, तर भरेल का? बाजार वाटेवर भरतो, पाण्याजवळ भरतो, माणसांची ये-जा असते तिथे भरतो. मुरायला पिढ्या जातात.

पुणं बघा. पुण्याला आज ज्ञानाचं शहर म्हणतात. ते कधीपासून? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. शिकायचा हक्क कुणाचा, हे भांडण तिथे तेव्हापासून चालू आहे. फर्ग्युसन कॉलेज १८८५. पुणे विद्यापीठ १९४९. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५०. मग पिंपरी-चिंचवडचे कारखाने, त्यांत शिकलेले कारागीर. सरकारची कॉम्प्युटर संस्था सी-डॅक १९८८. एवढं सगळं झाल्यावर हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं. बंगळूरचं तेच. विज्ञान संस्था १९०९ ची, विमानांचा कारखाना १९४० चा, आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या त्यानंतर चाळीस वर्षांनी. म्हणजे ज्ञानाच्या शहराच्या पायात शंभर वर्षांचा लोकांचा पैसा आहे, शाळा आहेत, सरकारी प्रयोगशाळा आहेत, कामगारांची कसबं आहेत.

आता ती रंगीत पुस्तिका पुन्हा उघडा. त्यात विद्यापीठ कुठलं येणार? नाव नाही. प्रयोगशाळा? नाव नाही. शिकवणार कोण? लिहिलेलं नाही. पण बंगल्यांचे प्लॉट किती चौरस फुटांचे ते लिहिलंय. क्लब हाऊस लिहिलंय. हायवेपासून किती मिनिटं ते लिहिलंय. मग हा ज्ञानाचा धंदा आहे की जमिनीचा, हे तुम्हीच ठरवा. शहरातली जमीन महाग झाली कारण तिथे माणसं भेटतात. तो महागपणा आपल्या माळावर आणून विकायचा, आणि आपल्याला मात्र माळाचा भाव द्यायचा. पुस्तिकेतलं ‘नॉलेज’ एवढंच.

गिरणीला हात लागत होते

आता कुणी म्हणेल, असू दे जमिनीचा धंदा, पोरांना काम तर मिळेल. या मुद्द्यावर नीट बोलू, कारण आपल्या घराघरात हाच मुद्दा आहे.

पुण्याजवळ मुळशी तालुका आहे. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह केला. टाटांच्या कंपनीचं धरण होत होतं, गावं बुडत होती. वीज कुणासाठी? मुंबईसाठी, तिथल्या गिरण्यांसाठी. सत्याग्रह तीन वर्षं चालला. धरण झालंच. आणि गंमत बघा, आज ज्या हिंजवडीचं नाव जगभर आहे ते हिंजवडी त्याच मुळशी तालुक्यात आहे. एकाच तालुक्याने आधी गिरणीच्या विजेसाठी जमीन दिली, मग कॉम्प्युटरसाठी दिली.

पण दोन्हींत एक फरक आहे. मुंबईची गिरणी वीज घेत होती, पाणी घेत होती, तशी माणसंही घेत होती. हजारोंनी घेत होती. त्यात आपले आदिवासी थोडे, कोकणातले आणि घाटावरचे जास्त. पण शाळा न शिकलेला शेतकऱ्याचा पोरगा गाववाल्याच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागायचा, साच्यावर शिकायचा, युनियनचा सभासद व्हायचा, आणि गावाकडे मनिऑर्डर यायची. शोषण होतंच. पण गिरणी त्याच्या हातांशिवाय चालत नव्हती, म्हणून तो संप करू शकत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरण्या मेल्या आणि गिरण्यांच्या जागा जिवंत झाल्या. आज लोअर परळला तिथे मॉल आहेत आणि काचेची ऑफिसं आहेत. चिमणी शोभेला ठेवलीय.

त्या काचेच्या ऑफिसला काय लागतं? वीज लागते, पाणी लागतं, जागा लागते. हात लागत नाहीत. डिग्रीवालं डोकं लागतं, तेही इंग्रजी बोलणारं. आपल्याला दाराच्या आत नाही, दारावर काम आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा दहावी पास. एका आयटी पार्कमध्ये गेटवर उभा असतो, बारा तास. पार्कचं नाव घेत नाही, सगळीकडे तसंच आहे. तो कंपनीचा नोकर नाही, ठेकेदाराचा आहे. वर्ष पुरं व्हायच्या आत ठेकेदाराचं नाव बदलतं, की हा पुन्हा नवा. मी एकदा विचारलं, ‘तिथे आत काय काम चालतं रे?’ तो म्हणाला, ‘मामा, पाच वर्षं झाली, मला माहीत नाही. मी कार्ड बघतो आणि दार उघडतो.’ पाच वर्षं ज्ञानाच्या दारात उभा राहिला आणि आतलं काम काय ते त्याला कळलं नाही. गिरणीत झाडू मारणाऱ्यालासुद्धा साचा कसा चालतो ते कळत होतं.

म्हणून सांगतो, ‘जमीन द्या, घरटी एक नोकरी देतो’ हा सौदा गिरणीच्या जमान्यातला आहे. तेव्हाही तो पुरा पाळला गेला नाही. आता तर तो पाळण्यासारखाच राहिलेला नाही, कारण नोकरी द्यायला त्यांच्याकडे आपल्या पोरांसाठी कामच नाही. आपण विकायची जमीन आणि बदल्यात मिळणार शिट्टी आणि टोपी.

(सभेतून आवाज : मग भागीदारी मागायची! पुण्यात शेतकऱ्यांनी केली तशी.)

बरं झालं विचारलंस. हडपसरला मगरपट्टा आहे. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, चारशे एकराच्या आसपास जमीन. त्यांनी जमीन बिल्डरला विकली नाही, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या हिशेबाने शेअर घेतले आणि वसाहत आणि आयटीची ऑफिसं स्वतः बांधली. आज भाडं त्यांच्या कंपनीला येतं. चांगलं उदाहरण आहे, अभ्यास करायला हवा.

पण ते जमलं का, तेही बघ. पहिलं, प्रत्येकाचा सातबारा स्वतःच्या नावाचा आणि स्वच्छ होता. दुसरं, ती जमीन वाढत्या पुण्याच्या कडेलाच होती, माणसांची ये-जा होती, बाजार आधीच भरला होता. तिसरं, बागायती शेतीमुळे गाठीला पैसा होता, बँकेशी बोलण्याची सवय होती, घरात शिकलेली माणसं होती. आपल्याकडे काय आहे? निम्म्या घरांचा वनप्लॉटचा दावा अजून प्रांताच्या कचेरीत पडलाय. ज्याच्या नावावर कागद नाही त्याला भागीदार कोण करतो? त्याला फार तर ‘बाधित’ म्हणतात. तेव्हा मगरपट्ट्याचा धडा ‘आपणही टॉवर बांधू’ हा नाही. धडा हा की आधी मालकी पक्की करा आणि मालकी हातातून सोडू नका.

शहर आपलं देणं लागतं

आता पाण्याचं. तानसा धरण १८९२ सालचं. मोडकसागर १९५७ चं. मग भातसा. आपल्या तालुक्यातून आणि आजूबाजूच्या डोंगरांतून मुंबईला रोज तीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी जातं. नळाला पाणी नसेल तर कुठलं कॉम्प्युटरचं ऑफिस एक दिवस चालेल? आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाइपलाइन पाड्याच्या कडेने जाते, पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि आपण झरा खरवडतो.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो. ज्ञानाची कमाई शहरात होते असं आकडेवाले लिहितात. त्या कमाईच्या वहीत आपलं पाणी, आपली जमीन, आपल्या भट्टीतली वीट कुठल्याच पानावर नसते. ती लिहायला लावणं हे आपलं काम आहे.

तरीही शहर आपलं शत्रू नाही. हायकोर्ट तिथे आहे, विद्यापीठ तिथे आहे, मोठा दवाखाना तिथे आहे, आपली बातमी छापणारा पत्रकार तिथे आहे. जीपीएसने प्लॉट मोजायला आपल्याला शिकवणारी मुलं शहरातूनच आली. आपल्या पोरींनी नर्स व्हावं, वकील व्हावं, सर्व्हेअर व्हावं, कॉम्प्युटर शिकावं. शहरात जरूर जावं. पण जाताना घर आणि जमीन मोडून जायचं, की परत यायची वाट ठेवून जायचं, एवढाच प्रश्न आहे.

अडाणी कोण?

शेवटचा मुद्दा. ते म्हणतात ज्ञान शहरात आहे. मग आपल्याकडे काय आहे?

१९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं गेलं. हळदीने जखम बरी होते, हा म्हणे नवा शोध. आपल्या देशाच्या विज्ञान संस्थेने, सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. रद्द कशामुळे झालं? आजीला माहीत होतं म्हणून नाही. जुन्या ग्रंथात आणि एका वैद्यकीय मासिकात ते लिहिलेलं सापडलं म्हणून. जे लिहिलेलं नव्हतं त्याला तिथे किंमत नव्हती. ही गोष्ट डोक्यात ठेवा.

दुसरी गोष्ट केरळची. तिथले काणी आदिवासी जंगलात चालताना थकवा घालवायला एक फळ खातात. १९८७ साली त्यांनी ते शास्त्रज्ञांना दाखवलं. त्यावरून ‘जीवनी’ नावाचं औषध निघालं. कंपनीने संस्थेला जे पैसे दिले त्यातला निम्मा वाटा काणींच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. रक्कम मोठी नव्हती, पुढे भानगडीही झाल्या. पण एक गोष्ट मान्य झाली, की वाट दाखवणाऱ्याचंही ज्ञान ज्ञान असतं आणि त्याला वाटा असतो.

आणि आता तर ते कायद्यात आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम १, खंड (ट). सगळे कसायच्या जमिनीचं कलम पाठ म्हणतात, हे कुणी म्हणत नाही. जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क, आणि जैवविविधता व संस्कृती यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक मालकीचा हक्क. म्हणजे भगताचं औषध, सुईणीचा पाला, कुठल्या कंदाला किती पाणी सोडून उकळायचं हे ज्ञान, याची मालकी गावाची. दुसरं, याच कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे सांगितलेत. त्यात म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा आहे. विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण पुरावा आहे. आजी, तुम्ही म्हणालात ना हे आमच्या काय कामाचं? वाघदेव कुठे बसवला आणि कुणी बसवला, हे तुम्हाला माहीत आहे. ते ज्ञान प्रांतासमोर पुरावा आहे, आणि कॉलेजच्या पोराला ते माहीत नाही.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं लहान गाव आहे. त्या गावाने पहिल्यापासून एक सवय लावली, अभ्यास गट. कुठलाही प्रश्न आला की आधी बसायचं, माहीतगाराला बोलवायचं, कागद वाचायचा, सगळ्यांना समजेपर्यंत चर्चा करायची, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवायचं. बाहेरचा जाणकार येतो, सांगतो. निर्णय मात्र गाव करतं. २००९ साली त्यांना अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना फॉरेस्ट देईना, तर कायदा वाचून भांडले. यंदाच्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मला सांगा, नॉलेज सिटी कुठली? पुस्तिकेतली, की मेंढ्याच्या गोटुलाजवळची? मघाशी म्हटलं, ज्ञान वाढतं ते वेगवेगळं जाणणारी माणसं भेटली की. मेंढ्याने शहराची ती एक चांगली गोष्ट उचलली आणि गावात आणली. गाव विकलं नाही.

मग करायचं काय

घरी जाऊन ग्रामसभेत सांगायच्या गोष्टी पाच. लिहून घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून दोनदा म्हणून घ्या.

पहिली. संमतीपत्रावर अंगठा नाही. ज्यांनी दिलाय त्यांनी घाबरायचं नाही. आदिवासीच्या सातबाऱ्याची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जात नाही, जमीन महसूल कायदा, कलम ३६ आणि ३६ अ. वनहक्काचा प्लॉट तर विकताच येत नाही, तो फक्त वारसाने पुढे जातो, कलम ४, पोटकलम ४. साठेखत असो की कुलमुखत्यारपत्र, कागद आणून वनहक्क समितीला दाखवा. इसाराची रक्कम कशी परत करायची ते संघटना बसून ठरवेल. एकट्याने त्यांच्या ऑफिसात जाऊ नका.

दुसरी. राहिलेले दावे भट्टीवर जायच्या आधी पुरे करा. नवरा-बायको दोघांचं नाव. पुरावे किमान दोन. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. मागच्या पावसाळ्यात दोन आजोबा गेले आणि त्यांच्याबरोबर दोन पाड्यांचा इतिहास गेला.

तिसरी. सामूहिक दाव्यात खंड (ट) लिहायला विसरू नका. औषधांची, कंदांची, बियाण्यांची यादी गावाच्या वहीत करा. वही गावातच राहील. बाहेरच्या कुणाला झेरॉक्स द्यायची तर ग्रामसभेचा ठराव लागेल. लिहायचं, पण वाटत सुटायचं नाही.

चौथी. प्रत्येक पाड्यावर अभ्यास गट. महिन्यातून एक रात्र. पहिल्या बैठकीला हीच रंगीत पुस्तिका वाचायला घ्या. प्रत्येक पानावर तीन प्रश्न विचारा. जमीन कुणाची, काम कुणाला, पाणी कुठलं?

पाचवी. शहराकडे मागायचं ते हक्काने मागायचं. धरणाच्या गावांना आधी पाणी. आश्रमशाळेत विज्ञानाचा शिक्षक, नुसती पाटी नको. आपल्या मुलामुलींना शहरात शिकायला वसतिगृहात जागा. दारावर उभं राहायला आपली पोरं भरपूर झाली. आता आत बसणारी हवीत, आणि ती इथल्या जमिनीवर पाय ठेवून आत गेलेली हवीत.

येत्या रविवारी हायवेलगतच्या पाड्यांची एकत्र ग्रामसभा आहे. पांढऱ्या गाडीवाल्यांनाही निरोप दिलाय, या म्हणून. त्यांनी सगळ्यांसमोर बसून सांगावं. आपण ऐकू, प्रश्न विचारू, आणि मग त्यांच्यासमोरच ठराव लिहू. भट्टीवर निघणाऱ्यांनी एक दिवस थांबावं. मुकादमाला मी सांगतो.

आजी, तुम्हीही या. वाघदेवाचं तुम्हालाच सांगायचंय.

जिंदाबाद!